प्रॉडक्शन मॅनेजमेंट डोक्यात कसं घुसवायचं? गणितं सुटतात पण काय चाललंय ते कळत नाही (टीई मेकॅनिकल)

पाटाखालचा_उंदीर

नमस्कार मंडळी, मी टीई मेकॅनिकलला (इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष) आहे, कॉलेज रत्नागिरी जिल्ह्यात (नाव नको), घर कुडाळच्या अलीकडे. या सेमला प्रॉडक्शन अँड ऑपरेशन्स मॅनेजमेंट आहे आणि खरं सांगतो, मला तो विषय म्हणजे मेकॅनिकलवाल्यांच्या गळ्यात बांधलेलं लोढणं वाटतो. थर्मो अवघड आहे पण निदान वाफ कुठून निघाली आणि कुठे गेली ते तरी समजतं. इथे गणितं अकरावीचा पोरगा सोडवेल इतकी सोपी पण ती कशाला करायची तेच कळत नाही. ईओक्यूचं (एका वेळी किती माल मागवायचा त्याचं) सूत्र पाठ, जॉन्सनचा नियम (मशीनवर कामं कुठल्या क्रमाने लावायची तो) पाठ, लाइन बॅलन्सिंगचे ते गोल आणि बाण काढता येतात, युनिट टेस्टला मार्कही बरे पडले. परवा सरांनी वर्गात उभं केलं, टॅक्ट टाइम म्हणजे काय, सायकल टाइम म्हणजे काय, मी घडाघडा व्याख्या म्हटल्या (मागणी पुरवायला दर किती वेळाने एक नग सुटायला हवा तो टॅक्ट, एका नगाला प्रत्यक्ष लागतो तो सायकल). मग ते म्हणाले बरं, सायकल टाइम टॅक्टपेक्षा कमी असून माल उशिरा का जातो ते सांग. मी गप्प. अख्खा वर्ग गप्प, पण उभा मी होतो.

वर मिनी प्रोजेक्ट आहे, एखाद्या कारखान्यात जाऊन काहीतरी मोजून आणा म्हणून. लोट्याच्या आणि मिरजोळ्याच्या एमआयडीसीत मिळून नऊ-दहा ठिकाणी मेल टाकले, एकाचंही उत्तर नाही. आणि शनिवार-रविवार हातात नसतात कारण आमच्या काकांची गणपतीची शाळा आहे, दीडशेच्या आसपास मूर्ती, पांढरा हात (रंगाआधीचा पांढरा थर) मारायला आणि फळ्या हलवायला माणूस लागतो म्हणून शुक्रवारी रात्री घरी पळावं लागतं. चतुर्थीला सव्वा महिना राहिलाय म्हणजे आता सुटका नाहीच.

तर प्रश्न असे की हा विषय समजून घ्यायचा तर सुरुवात कुठून करू, नोकरीत याचा खरंच उपयोग होतो की कॅडचा एखादा कोर्स करणं बरं, आणि प्रोजेक्टला कोणी ओळखीचा कारखाना देईल का? कुठलाही चालेल.

चिपळूणचा_आगाऊ

पाच वर्षांचे पेपर सोडव, गणितं फिरून फिरून तीच येतात, फक्त आकडे बदलतात. थिअरीला हेडिंग अंडरलाइन कर. सुटलास. समजून कोण घेतं रे या विषयात.

पाटाखालचा_उंदीर

तेच तर नकोय ना दादा, पास मी तसाही होईन.

लोटे_सेकंड_शिफ्ट

लोट्यात मेल करून कोणी आत घेत नाही बाबा, इथले बहुतेक प्लांट केमिकलचे, बाहेरच्या पोराला आत न्यायचं म्हणजे सेफ्टीवाल्याची सही, बूट, हेल्मेट, सोबत एक माणूस, आणि तो माणूस मोकळा नसतोच. मनाला लावून घेऊ नकोस.

मी पण मेकॅनिकलच, अकरा वर्षं झाली. तुझी जी अडचण आहे ना ती माझी पण होती, कारण पुस्तक उघडलं की पहिल्या पानापासून मोटारगाडीची लाइन. फोर्डने १९१३ मध्ये हायलंड पार्कला चालती लाइन आणली आणि एका चासीच्या जोडणीला लागणारा वेळ साडेबारा तासांवरून दीड तासाच्या आसपास आला, हे सगळं बरोबर, पण आपण पट्टा कधी बघितलेला असतो? आपल्याकडे बघ, केमिकल असो, काजू असो, आंब्याचा पल्प असो, सगळं बॅचमध्ये. एक घाणा चढवायचा, उतरवायचा, धुवायचा, दुसरा चढवायचा. त्यामुळे माझ्या डोक्यात हा विषय पहिल्यांदा कधी शिरला तर एका शिफ्टला रिॲक्टर धुवायचा राहिला आणि खाली चार माणसं हात बांधून उभी राहिली तेव्हा. सगळी मशीनं चालू, माणसं हजर, कच्चा माल भरलेला, तरी माल निघेना कारण सगळ्यांचा रस्ता त्या एका भांड्यातून जातो.

एक गणित देतो, इंटरव्ह्यूत हमखास विचारतात. ओईई, म्हणजे मशीनकडून जेवढा चांगला माल निघू शकतो त्यातला खरोखर किती टक्के निघाला. पॅकिंग मशीन धर. शिफ्ट ४८० मिनिटं, जेवण आणि चार्ज देणं-घेणं ३० मिनिटं, उरली ४५०. त्यात रोल बदलणं, सेटिंग, बिघाड असं ९० मिनिटं बंद, म्हणजे चाललं ३६० मिनिटं, ३६० भागिले ४५० म्हणजे ८० टक्के उपलब्धता. मशीन मिनिटाला १० पाकिटं मारू शकतं, म्हणजे ३६०० व्हायला हवी होती, झाली ३०६०, हा वेग ८५ टक्के. त्यातली ६० फुटकी, चांगली ३०००, म्हणजे दर्जा ९८ टक्के. तिघांचा गुणाकार साधारण ६६.७ टक्के. आता गंमत बघ, हे तीन गुणाकार न करता थेट ३००० भागिले ४५०० कर, उत्तर तेच येतं. मग तीन तुकडे कशाला? तर गळती कुठे आहे ते दिसावं म्हणून. मालक म्हणतो नवं मशीन घेऊ, तुकडे मांडले की कळतं अरे रोल बदलायलाच एवढा वेळ जातोय. मग तिथे शिंगो नावाच्या जपानी इंजिनिअरचं एसएमईडी, म्हणजे बदलाबदलीचा वेळ एक आकडी मिनिटांत, दहाच्या आत आणायचा. त्यातली मोठी युक्ती एवढीच की जे काम मशीन चालू असताना करता येतं ते मशीन बंद करून करायचं नाही. आपली आई तवा तापत ठेवून मग पीठ मळायला घेते का?

कॅड शिक, कोणी नको म्हणत नाही. पण शॉप फ्लोअरवर लागलास तर पहिल्या आठवड्यात कोणी तुला ड्रॉइंग काढायला देणार नाही, काल किती माल निघाला आणि कमी का निघाला हे सकाळच्या मीटिंगला विचारतील.

बोरमा_काकी

मी इंजिनिअर नाही, बी.कॉम. आहे, सावंतवाडी तालुक्यात आमचं काजूचं छोटं युनिट आहे, बावीस बायका कामाला. वरच्या दादांनी भांड्याचं सांगितलं ना, तेच मी पैसे घालवून शिकले म्हणून लिहितेय.

काजूचं काम असं चालतं, बी वाळवायची, वाफ द्यायची, थंड करायची, मग फोडायची, टरफल वेगळं गर वेगळा, मग तो गर बोरम्यात म्हणजे ट्रेच्या ड्रायरमध्ये सहा-आठ तास, मग साल सोलायची, मग ग्रेडिंग, डब्ल्यू २१०, डब्ल्यू २४०, डब्ल्यू ३२० (हा आकडा म्हणजे एका पौंडात किती गर बसतात तो, आकडा लहान तितका दाणा मोठा), शेवटी पाकळी, तुकडा, कणी. तर आमच्याकडे पायाने चालवायच्या कटिंग मशीनवर बायका बसायच्या, दिवसाला ८० किलोची तीन पोती फुटायची. कुणीतरी सांगितलं ऑटोमॅटिक कटिंग मशीन घ्या. कर्ज काढून घेतलं. सात पोती फुटायला लागली. मी पेढे वाटले हो.

पंधरा दिवसांत फोडलेल्या गराचे ढीग. बोरमा तोच, ट्रे तेवढेच, सोलणाऱ्या बायका तेवढ्याच. त्यात मृगाचा पाऊस लागला, हवेला ओल, उघडा गर ओल खेचून घेतो, हाताला नरम लागायला लागला, वास आला, काही ट्रेंना बुरशी. जो माल डब्ल्यू ३२० म्हणून जायचा तो कमी भावात गेला आणि थोडा टाकून द्यावा लागला. फोडणं दुप्पट झालं आणि विक्री पहिल्यापेक्षा कमी! माझ्या भाच्याने, तो पुण्याला कंपनीत आहे, एका चहात सांगितलं, मामी तुझं कटिंग कधी अडलेलंच नव्हतं, अडत होता बोरमा, तू नळाची तोटी मोठी केलीस आणि मोरीचं भोक तेवढंच ठेवलंस. दुसरा बोरमा मशीनच्या निम्म्याहून कमी पैशात आला.

अजून एक, तो ईओक्यू की काय ते भाच्याने मला शिकवायचा प्रयत्न केला, वर्षाची मागणी घाल, ऑर्डरचा खर्च घाल, किती-किती करून मागवायचं ते येईल. मी म्हटलं अरे बी काय महिन्याच्या महिन्याला मिळते का, फेब्रुवारी-मार्चपासून मे अखेरपर्यंत काय ती बी, वर्षभराची तेव्हाच भरून ठेवायची, सगळा पैसा गोणीत अडकतो आणि व्याज चालू. तो म्हणाला मग हे सूत्र तुझ्या बीला नाही, तुझ्या पाकिटांना लागू.

आणि बाळा, तुझ्या घरात गणपतीची शाळा आहे आणि तू लोट्याला मेल टाकत बसलायस? तो कारखाना नाही तर काय आहे?

गजालीखोर

काकाक स्टॉपवॉच दाखवलंस तर तो तुकाच साच्यात घालतलो. मगे सांग माका सायकल टाइम.

निवृत्त_मास्तर_देवगड

काकींच्या भाच्याला माझा नमस्कार सांगा, तीस वर्षं पॉलिटेक्निकला हा विषय शिकवला पण मोरीचं भोक मला सुचलं नव्हतं.

उंदीरराव, ईओक्यूचं सूत्र फोर्ड हॅरिस नावाच्या माणसाने १९१३ मध्ये मांडलं. हा फोर्ड गाडीवाला नव्हे, मुलं दरवर्षी गोंधळ घालतात. त्यात गृहीत काय धरलंय ते आधी लिही, मग आकडे. मागणी वर्षभर सारखी, माल हवा तेव्हा मिळतो, भाव बदलत नाही. काजूच्या बीत दुसरं गृहीतच कोसळतं, आंब्याच्या पेटीला पहिलं कोसळतं. पाकिटांना मात्र चालतं. समज काकींना वर्षाला २०,००० पाकिटं लागतात, एकदा मागवायचा खर्च, गाडीभाडं वगैरे, ९०० रुपये, एक पाकीट वर्षभर सांभाळायला १ रुपया. दोन गुणिले २०,००० गुणिले ९००, भागिले १, त्याचं वर्गमूळ ६,०००. या आकड्याला मागवण्याचा खर्च ३,००० आणि सांभाळण्याचा ३,०००, एकूण ६,०००. आता काकींनी ६,००० ऐवजी सरसकट ९,००० मागवली तर? मागवण्याचे २,०००, सांभाळण्याचे ४,५००, एकूण ६,५००. म्हणजे ऑर्डर दीडपट चुकली तरी खर्च जेमतेम आठ टक्क्यांनी वाढला. ही त्या सूत्रातली खरी मेख, वक्ररेषेचा तळ परातीसारखा पसरट आहे, टोकदार नाही. मुलं उत्तरपत्रिकेत ६,०००.३७ लिहून त्याला दोनदा चौकट करतात तेव्हा मला हसू यायचं. टेम्पोत जेवढं बसतं तेवढं मागवा की.

जॉन्सनचा नियम १९५४ चा. दोन मशीन, सगळी कामं आधी पहिल्यावर मग दुसऱ्यावर. पाठ करू नकोस, असं बघ: पहिल्यावर जे चटकन सुटतं ते सुरुवातीला घाल म्हणजे दुसरा ताटकळत बसत नाही, दुसऱ्यावर जे चटकन संपतं ते शेवटाला ठेव म्हणजे शेवटी रेंगाळत नाही. बस.

आता शाळेचं. तुमच्याकडे घराघरातून पाट येतात ना? पाट आला की त्या घरचा गणपती, त्या पाटावरच बसवायचा, पाट नाही तर मूर्ती नाही. ओहनोने टोयोटात कानबान कार्ड आणलं ते याच जातीचं, पुढच्याने मागितल्याशिवाय मागच्याने बनवायचं नाही, त्याला ती कल्पना अमेरिकेतल्या सुपरमार्केटवरून सुचली. पण प्रोजेक्टमध्ये एकदम 'आमच्या कोकणात पूर्वीपासून कानबान होतं' असं ठोकून देऊ नकोस, परीक्षक पकडेल. कानबानचं कार्ड फिरत राहतं आणि मध्ये किती माल साचू द्यायचा त्याला लगाम घालतं. तुमचा पाट वर्षातून एकदा येतो आणि त्याच्यावर मूर्ती बसली की परत घरी जातो. तो ऑर्डर सांगतो, मधल्या गर्दीला लगाम घालत नाही. मधली गर्दी किती ते तूच मोज.

कसं मोजशील? काकांसमोर घड्याळ धरू नकोस, माणूस बघतोय म्हटल्यावर हात एकतर पळतो नाहीतर अडखळतो. कुठल्या कामाच्या मागे फळ्या भरून उभ्या आहेत ते आधी बघ, तेच तुझं बोरमं. मग फक्त त्या एका जागी बस.

पाटाखालचा_उंदीर

सर, काकी, दादा, सगळ्यांना थँक्यू, उत्तर द्यायला दोन आठवडे लावले कारण खरंच मोजत होतो.

आमच्याकडे क्रम असा, माती मळणं, साच्यातून काढणं, हातपाय जोडून साफ करणं, सुकवणं (पावसात आठ-दहा दिवस, पंखे लावून सुद्धा), पांढरा हात, अंगाचा रंग, पितांबर-शेला, सोनेरी, आणि शेवटी डोळे. डोळे फक्त काका आखतात. बाकी सगळं आम्ही चार-पाच जण करतो पण डोळ्यांना कोणी हात लावायचा नाही, आजोबांपासूनचा नियम आहे. आणि डोळे आखायचे ते दुपारी दोन ते पाच, तेव्हा खिडकीतून उजेड बरा येतो आणि त्यापुढे पाठ धरते. दिवसाला १८० मिनिटं.

फळ्या कुठे भरल्यात बघायला उठावं पण लागलं नाही, रंगवून झालेले ६० गणपती डोळ्यांसाठी थांबलेले, पडवीत चालायला जागा नाही.

मग मी १२ मूर्तींची वेळ घेतली, सरासरी २५ मिनिटं. लहान मूर्ती १७ मध्ये होते, दोन फुटीला ४० पर्यंत जातात. चतुर्थीला १९ दिवस होते आणि ११० मूर्ती बाकी. १९ गुणिले १८०, म्हणजे ३४२० मिनिटं, भागिले ११०, टॅक्ट टाइम ३१ मिनिटं. सायकल टाइम २५. म्हणजे कागदावर आरामात. आणि दरवर्षी आमच्याकडे शेवटच्या तीन रात्री जागरण असतं, काकी कांदेपोहे करून करून दमते, काका चिडलेले, बाहेर लोक टेम्पो घेऊन उभे. तेव्हा मला सरांचा तो वर्गातला प्रश्न आठवला आणि अंगावर काटा आला, शप्पथ.

मी तर आठवडाभर कॉलेजला. मग चुलत बहीण, नववीत आहे, तिला वही दिली आणि सांगितलं की काका ब्रश खाली ठेवतात आणि परत उचलतात त्या वेळा लिही, रोज दोन ते पाच. सहा दिवस लिहिलंन. (दर दिवसाला एक डेअरी मिल्क.) १८० मधली ब्रश हातात असलेली सरासरी १२० मिनिटं. फोन २२ मिनिटं, मुंबईवाले विचारतात गणपती झाला काय, फोटो पाठवा. पाट घेऊन किंवा मूर्ती बघायला आलेली माणसं आणि त्यांचा चहा २१. रंग कालवणं, बारका ब्रश शोधणं, पाणी बदलणं १७. म्हणजे दिवसाला डोळे होतात १२० भागिले २५, ४.८ मूर्ती. ११० ला २३ दिवस. आणि आहेत १९!

सर, हेच ना ते उत्तर? मूर्तीचा सायकल टाइम २५ नाहीच, १८० भागिले ४.८ म्हणजे साडेसदतीस मिनिटांना एक मूर्ती सुटते, आणि ते ३१ च्या वर आहे.

निवृत्त_मास्तर_देवगड

हेच. तुझ्या सरांना माझ्यातर्फे सांग की प्रश्न चांगला होता.

दोन गोष्टी जोड. एक, २५ ही तू पाहिलेली वेळ, त्यात माणसाच्या थकव्याचा, पाणी पिण्याचा अलाउन्स धरावा लागतो. १५ टक्के धरलास तरी २८.७५ होते, ३१ च्या आतच. म्हणजे काका संथ आहेत किंवा थकतात म्हणून उशीर होत नाहीये, त्यांना कोणी बसू देत नाही म्हणून होतोय. हा फरक परीक्षकाला मांडून दाखव, आणि घरी काकांनाही, त्यांना बरं वाटेल. आणि लहान-मोठ्या मूर्तींची सरासरी एकत्र करू नकोस, बाकी ११० मध्ये दोन फुटी किती ते बघ, त्याच जास्त असतील तर तुझा हिशोब फसला.

दुसरं, त्या ६० मूर्ती. जॉन लिटलने १९६१ मध्ये सिद्ध करून दाखवलेला नियम आहे, रांगेत थांबलेला माल म्हणजे सुटण्याचा वेग गुणिले थांबण्याचा वेळ. ६० भागिले ४.८, साडेबारा. म्हणजे रंगवून झालेला गणपती सरासरी साडेबारा दिवस फळीवर नुसता बसतो. तेव्हा मागे तुम्ही चौघं अजून पांढरा हात मारत सुटलात तर रांग लांबेल, गणपती एक मिनिट लवकर जाणार नाही.

पुढे शिकायचं मनात असेल तर गेटला (एमटेकच्या प्रवेश परीक्षेला) प्रॉडक्शन अँड इंडस्ट्रियलचा वेगळा पेपर असतो, आणि मुंबईत पवईला १९६३ पासूनची नीटी होती ती २०२३ पासून आयआयएम मुंबई झाली, या विषयाचं जुनं ठाणं तेच. पण ते नंतर, आधी गणपती.

चिपळूणचा_आगाऊ

बरं बाबा, मागे घेतो. पण पेपर पण सोडव.

बोरमा_काकी

फोन काढून घ्या आधी त्यांच्याकडून. मी ग्रेडिंगच्या बायकांजवळ बसून फोनवर बोलायचे तर त्यांचे हात थांबायचे, मला वाटायचं मी देखरेख करतेय.

लोटे_सेकंड_शिफ्ट

मस्त रे. हेच इंटरव्ह्यूत सांग, पण 'मी लीन इम्प्लिमेंट केलं' वगैरे नको, वही आणि डेअरी मिल्कपासून सुरू कर, समोरचा पेन खाली ठेवून ऐकेल. तू सध्या रिकामे हात कामाला लावू नकोस, पांढरा हात थांबव, हे घरी पटवणं सगळ्यात अवघड जाईल बघ, आमच्याकडे पण कोणी रिकामा दिसला की साहेबाचं डोकं फिरतं. मी तिकिटाच्या मागे आहे, गणपतीला गावी जायचं म्हणजे गाडीत पाय ठेवायला जागा नाही, ते बोरमं कोण सोडवणार देव जाणे.

पाटाखालचा_उंदीर

अपडेट देतो आणि पळतो.

काकांना आकडे सांगितले नाहीत, एवढंच म्हटलं की सगळे फोन बाय घेईल (चुलत बहीण) आणि प्रत्येकाला 'आज कुठपर्यंत आला' ते सांगेल, भिंतीवर पाटांच्या नावांची यादी लावलीय त्यावर ती खूण करते. आणि रंग कालवून, तिन्ही ब्रश धुवून पावणेदोनला पाटाशेजारी ठेवायचे, शनिवार-रविवारी मी, बाकी दिवशी बाय. पाट घेऊन आलेल्या माणसाचा चहा मात्र थांबवता येत नाही, तो विषय काढला तर काकांनी असं बघितलं की मी फळ्या मोजायला लागलो. म्हणजे १८० मधली १६० मिनिटं मिळायला हवीत, दिवसाला ६.४, ११० ला १७ दिवस आणि थोडं.

पहिल्या पाच दिवसांचे आकडे: ६, ७, ६, २, ७. तो दोन म्हणजे दिवसभर काळोख करून पाऊस, लाइट गेलेली, खिडकीतून काहीच दिसेना. सर, दोन फुटी २३ निघाल्या, त्या आधी उजेडाच्या वेळेला घेतोय.

पांढरा हात थांबवायचं बोललो तर बाबा म्हणाले कॉलेजात जाऊन आळशी झालास. मग मी दाखवलं की गेल्या आठवड्यात गर्दीत फळी सरकवताना दोन गणपतींचे कान तुटले आणि एकाचा मोदक, ते परत जोडायला कोण बसलं होतं, तेच बसले होते. आता चार दिवस पांढरा हात बंद आहे, फळीवर ६० चे ४३ झालेत.

प्रोजेक्टचा चार्ट सोमवारी दाखवायचाय पण आत्ता लक्षात आलं की उंदरांचं काम मी यादीत धरलंच नव्हतं, दीडशे उंदीर कोपऱ्यात पांढरेच बसलेत आणि त्यांना पण डोळे लागतात. काका म्हणतायत उंदराचे तू आखलेस तरी चालतील.

गजालीखोर

झिला, आपल्याच माणसांचे डोळे नीट आख रे.